लेकराला घेऊन पहिल्यांदा ॲनिमेशनपटाला जाताना

माझी मुलगी चार वर्षांची असताना तिला पहिल्यांदा चित्रपटगृहात नेले, तेव्हा मध्यंतरानंतर पंधरा मिनिटांतच आम्हा दोघींना बाहेर पडावे लागले आणि मी सगळा दोष चित्रपटाला देऊन मोकळी झाले. वर्षभराने पुन्हा गेलो, तेव्हा ती शेवटची नामावली संपेपर्यंत जागची हलली नाही. मग मागचे सगळे आठवून पाहिले. पहिल्या वेळी खेळ सायंकाळी सहाचा होता, तिची दुपारची झोप बुडाली होती, पोटात चिप्सच्या पुड्याखेरीज काही नव्हते आणि मोठ्या माणसांच्या मापाचा थ्रीडी चष्मा तिच्या नाकावरून सारखा घसरत होता. लहान मुलांसोबतची ही सहल बहुधा झोप, भूक, लघवी आणि परतीची गाडी या चार गोष्टींनी बिघडते, म्हणून पुढील मांडणीत चित्रपटाच्या निवडीआधी घड्याळ घेतले आहे. साधारण चार ते नऊ वर्षांच्या मुलांचे पालक, आणि त्यातही तालुक्याहून किंवा खेड्यातून संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा मोठ्या शहरात जाऊन चित्रपट पाहणारी कुटुंबे, येथे डोळ्यांसमोर आहेत.

आधी घड्याळ

ॲनिमेशनपट बहुधा दीड ते पावणेदोन तासांचे असतात. त्यात सुरुवातीच्या जाहिराती, येऊ घातलेल्या चित्रपटांच्या झलकी आणि मध्यंतर मिळवले की खुर्चीत बसल्यापासून बाहेर पडेपर्यंत सव्वादोन तास सहज जातात. तिकिटावरील वेळ ही जाहिराती सुरू होण्याची वेळ असते, हे हिशेबात धरावे. मुलाच्या झोपेच्या वेळेशी हे सव्वादोन तास कोठे आदळतात ते पाहावे, आणि आदळत असतील तर तो खेळ सोडून द्यावा. माझ्या मते लहान मुलांसाठी सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान सुरू होणारा खेळ सर्वांत उत्तम. मूल ताजेतवाने असते, गर्दी कमी असते, अनेक मल्टिप्लेक्समध्ये सकाळचे तिकीटही स्वस्त असते आणि बाहेर पडल्यावर जेवणाची वेळ झालेली असते. आपल्याकडच्या एकपडदा चित्रपटगृहांत बारा, तीन, सहा आणि नऊ अशी खेळांची जुनी वहिवाट आहे. तेथे बाराचा खेळ निवडावा आणि मुलाला साडेअकराच्या आत पोटभर जेवू घालावे.

बाहेरगावाहून येणाऱ्यांनी परतीच्या गाडीपासून उलटा हिशेब करावा. गावाची शेवटची, मुक्कामी गाडी साडेपाचला सुटत असेल, तर तिच्या भरवशावर तीनचा खेळ पाहणे म्हणजे शेवटची दहा मिनिटे मुलाला ओढत बाहेर काढणे होय, आणि शेवट हुकलेला चित्रपट मूल पुढे कित्येक दिवस विसरत नाही. मुक्कामीच्या आधीची एक गाडी हाताशी राहील असाच खेळ घ्यावा. एसटीत पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धे तिकीट असल्याने आई आणि लेक अशा दोघींचा प्रवास एका पूर्ण तिकिटात होतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला तर राज्यभर एसटीचा प्रवास मोफत आहे. आजी सोबत असली तर जरूर न्यावी. अंधारात एका मांडीऐवजी दोन मांड्या हाताशी असणे ही फार मोठी सोय आहे.

चित्रपट बहुधा शुक्रवारी लागतात, आणि आपल्याकडच्या शहरांत मुलांच्या चित्रपटांना दुसऱ्या आठवड्यात एखाद-दुसराच खेळ उरतो, तोही कधी कधी रात्रीचा. तेव्हा ‘गर्दी ओसरली की जाऊ’ हा विचार करायचाच असेल तर तो पहिल्या आठवड्यातील सोमवार ते गुरुवार एवढ्यापुरताच करावा.

कोणता चित्रपट, कोणत्या भाषेत

केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र पाहणे ही पहिली पायरी. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी. पूर्वी ‘यूए’ असा एकच मधला वर्ग होता. कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग झाले आहेत. ‘यूए ७+’ याचा अर्थ सातखालील मुलांना बंदी असा होत नाही, तर त्यांना न्यायचे की नाही हे पालकांनी विचार करून ठरवावे एवढाच होतो. साहसकथेच्या ॲनिमेशनपटांत वादळे, पाठलाग, अक्राळविक्राळ प्राणी आणि आईबापांपासून ताटातूट हे सारे हमखास असते, त्यामुळे पहिल्याच खेपेला ‘यू’ प्रमाणपत्राचा चित्रपट निवडणे शहाणपणाचे. चित्रपटाची झलक मुलाला दाखवण्याआधी पालकांनी स्वतः आवाजासह पाहावी. झलकेत अंधार आणि गडगडाट किती आहे यावरून पुष्कळ अंदाज येतो.

परदेशी ॲनिमेशनपट आपल्याकडे बहुतेक वेळा इंग्रजी आणि हिंदी अशा दोन भाषांत लागतात. मराठी शाळेतील मुलासाठी हिंदी आवृत्ती घ्यावी. मराठवाड्यातील मुलांच्या कानांवर दखनी आणि हिंदी लहानपणापासून पडत असल्याने त्यांना ती फारशी परकी वाटत नाही. इंग्रजी सुधारावे म्हणून इंग्रजी आवृत्तीला नेणाऱ्या पालकांना मी दोष देत नाही. मात्र पाच वर्षांच्या मुलाला विनोदावर सगळे थिएटर हसताना आपण का हसत नाही हे कळत नाही, आणि ते कोमेजते. तिकीट काढताना भाषा आणि टूडी की थ्रीडी हे दोन्ही नीट वाचावे, कारण ॲपवर एकाच चित्रपटाचे तीन-चार प्रकार एकाखाली एक दिसतात आणि घाईत चुकीच्या ओळीवर बोट पडते.

थ्रीडी घ्यावे का?

पहिल्या वेळी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. थ्रीडीमध्ये डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी किंचित वेगळी अशी दोन चित्रे पडद्यावर टाकली जातात. चष्म्याच्या काचा प्रत्येक डोळ्यापर्यंत त्याचे त्याचेच चित्र पोहोचू देतात आणि मेंदू त्या दोहोंतून खोली तयार करतो. या गाळणीत प्रकाश बराच कमी होतो, म्हणजे आधीच अंधारलेले प्रसंग आणखी अंधारतात. शिवाय पडद्यावरील वस्तू थेट तोंडावर आल्याने लहान मूल दचकते. सहा-सात वर्षांनंतर आणि टूडीचा एखादा चित्रपट नीट पाहून झाल्यावर थ्रीडी हा आनंदाचा भाग होतो.

थ्रीडीला गेलातच, तर चष्मा घेतानाच मुलांच्या मापाचा मागावा. तो नसेल तर एक साधा उपाय आहे. केसांना लावायचे दोन छोटे रबर घ्यावेत, चष्म्याच्या दोन्ही काड्यांच्या टोकांना एकेक गुंडाळावा आणि डोक्यामागे दोन्हींमधून एक रिबीन ओवून सैलसर गाठ मारावी. चष्मा घसरत नाही आणि मुलाचे दोन्ही हात मोकळे राहतात. काचा ओल्या रुमालाने पुसून कोरड्या कराव्यात, कारण आधीच्या खेळातील लोणी लागलेली बोटे त्यांवर उमटलेली असतात. ज्याला रोजचा चष्मा आहे त्याने हा चष्मा त्यावरच लावायचा असतो.

येथे एक गोष्ट डोळ्यांच्या आरोग्याची. सगळी मुले ‘आलं, आलं’ म्हणून हात पुढे करत असताना आपल्या मुलाला काहीच पुढे येताना दिसत नसेल, किंवा थोड्याच वेळात डोके दुखते म्हणून ते चष्मा काढून टाकत असेल, तर ते नाटक समजू नये. दोन्ही डोळे एकत्र काम करत नसतील तर खोली दिसत नाही, आणि एक डोळा आळशी असणे हे त्याचे एक कारण असू शकते. त्यावरील उपचार लहान वयात, शाळेच्या पहिल्या काही वर्षांत, जास्त गुण देतात. म्हणून नेत्रतज्ज्ञांना दाखवून घ्यावे.

खुर्ची कोणती

पुढच्या रांगांतून मुलाला मान वर करावी लागते, आणि भिंतीलगतच्या खुर्च्या बाजूच्या स्पीकरच्या अगदी खाली येतात. सभागृहाच्या निम्म्यापासून मागे, भिंतीपासून दूर, आणि तरीही बाहेर पडण्याच्या वाटेला लागून अशी खुर्ची मिळाली तर ती सर्वांत चांगली. खुर्च्यांच्या मधून वाट असलेल्या सभागृहांत ती मिळते. नसेल तर रांगेच्या अगदी मध्यावर बसण्याचा मोह टाळून कडेपासून तिसरी-चौथी खुर्ची घ्यावी, म्हणजे मध्येच उठावे लागले तर दोघा-तिघांच्याच गुडघ्यांना धक्का लागतो. बहुतेक मल्टिप्लेक्समध्ये तीन वर्षांवरील मुलाला पूर्ण तिकीट पडते. ते वाचवण्यासाठी वय चोरून मांडीवर बसवण्याचे मनात येते. मात्र पंधरा-सोळा किलोचे लेकरू सव्वादोन तास मांडीवर घेऊन कोणालाही चित्रपट दिसत नाही.

एकपडदा चित्रपटगृहात बाल्कनीची पहिली रांग मुलांसाठी टाळावी. मोठ्यांना तेथून झकास दिसते, पण मुलाच्या नेमक्या डोळ्यांसमोर कठड्याची आडवी दांडी येते. दुसरी अडचण मिटणाऱ्या खुर्च्यांची. मुलाचे वजन कमी असल्याने ते मागे सरकले की बैठक आपोआप वर उचलली जाते आणि मूल गुडघ्यांसह तिच्यात अडकते. माझी मुलगी एकदा अशी अडकून अर्धा मिनिट हसत होती आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात रडू लागली होती. घडी केलेली सोलापुरी चादर किंवा जाड शाल बैठकीवर पुढच्या कडेपर्यंत पसरावी आणि मुलाला त्यावर थोडे पुढे बसवावे. खुर्ची खाली राहते, मूल चार बोटे उंच होते आणि समोरच्या माणसाच्या डोक्याचा प्रश्नही बराचसा सुटतो. बैठक आणि पाठ यांच्या फटीत बोटे घालायची नाहीत, हे आधीच सांगून ठेवावे.

पोट, पाणी आणि कपडे

घरून निघताना धपाटे आणि दही, किंवा सुशीला (मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ), असे पोटात टिकणारे काही खाऊ घालावे. रिकाम्या पोटी आत गेलेल्या मुलाचे सगळे लक्ष शेजारच्याच्या पॉपकॉर्नच्या डब्यावर असते. चार वर्षांखालील मुलाला पॉपकॉर्न आणि भाजलेले शेंगदाणे मुळीच देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकू शकतात, आणि अंधारात, हसता हसता खाताना तर हा धोका वाढतो. त्यापुढच्या वयातही एकेक खायला लावावे. थंड पेयाचा मोठा पेला घेतला की अर्ध्या तासात बाहेर पळावे लागते, म्हणून आत असेपर्यंत घोटघोट पाणी पुरे.

बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ द्यायचे की नाही हे चित्रपटगृहाचे मालक ठरवू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र पिण्याचे शुद्ध पाणी मोफत मिळाले पाहिजे आणि पालकांसोबत आलेल्या तान्ह्या किंवा लहान मुलासाठी पुरेसे खाणे आत नेता आले पाहिजे, हेही त्याच निकालात आहे. दारावर कोणी हटकले तर वाद न घालता एवढेच शांतपणे सांगावे. मला एका ठिकाणी डबा उघडून दाखवावा लागला. आत गूळ-तुपाच्या पोळीचे चार तुकडे पाहून रक्षकदादांनीच झाकण लावून दिले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडे पारा चाळिशीपार असतो आणि सभागृहात मात्र हुडहुडी भरेल इतका गारवा असतो. घामेजलेल्या मुलाला थेट आत न नेता दहा मिनिटे बाहेरच्या दालनात बसू द्यावे, घाम पुसावा, आणि पूर्ण बाह्यांचा एक पातळ सदरा पिशवीत ठेवावा. चमकणारे, आवाज करणारे बूट घरी ठेवावेत. अंधारात प्रत्येक पाय हलवला की लाल दिवा लागतो आणि मागच्या रांगेतून ‘ओ ताई’ ऐकू येते.

अंधार, आवाज आणि भीती

दिवे चालू असताना आत शिरावे. मुलाने सभागृह उजेडात एकदा पाहिले, पडदा केवढा आहे, दार कोठे आहे, आपली खुर्ची कोणती हे त्याला कळले, की नंतरचा अंधार ओळखीचा होतो. जाहिराती लागल्यावर दोघांपैकी एका मोठ्याने मुलाला शेवटची लघवी करवून आणावी. चित्रपटाआधी राष्ट्रगीत लागते, तेव्हा उभे राहायचे आहे, हेही आधी सांगावे. जाहिराती आणि इतर चित्रपटांच्या झलकी मुख्य चित्रपटापेक्षा कर्कश वाटतात. पुष्कळ मुले येथेच बिथरतात आणि पालक समजतात की याला चित्रपटच नको आहे. तो वेळ मुलाच्या कानांवर हात ठेवून किंवा बाहेरच्या दालनात काढावा.

भीतीची तयारी आदल्या दिवशी घरी करता येते. कथा मोघमपणे सांगून टाकावी, शेवटासह. मोठ्यांना शेवट कळला की रस जातो. लहान मुलांचे तसे नसते, ती एकच गोष्ट शंभर वेळा ऐकतात. पिल्लू हरवते, पाण्यात पडते, पण शेवटी मायजवळ पोहोचते, एवढे ठाऊक असलेले मूल वादळाच्या प्रसंगात खुर्ची घट्ट धरते, परंतु पळत नाही. दुसरी गोष्ट, चित्र कसे हलते ते दाखवावे. जुन्या वहीच्या उजव्या कोपऱ्यात लागोपाठच्या २४ पानांवर, म्हणजे प्रत्येक पानाच्या एकाच बाजूला, एक चेंडू काढावा, प्रत्येक पानावर तो किंचित वर सरकवावा, आणि अंगठ्याने पाने भर्रकन सोडावीत. चेंडू उडतो. ती २४ पाने म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद. शंभर मिनिटांच्या चित्रपटाला या हिशेबाने १,४४,००० चित्रे लागतात, आणि दोनशे पानी वहीत कागद शंभरच असल्याने त्या १,४४० वह्या होतात. हे ऐकल्यावर माझ्या मुलीने फक्त ‘दप्तर केवढं असंल?’ एवढेच विचारले होते; पण दुसऱ्या दिवशी राक्षस आल्यावर ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘ह्याला कुणीतरी काढलंय ना?’

प्रत्यक्ष भीतीच्या क्षणी डोळ्यांऐवजी कान झाकावेत. पालक सहसा मुलाचे डोळे झाकतात, आणि त्यामुळे ते अंधारात एकटे पडून फक्त गडगडाट ऐकत राहते. भीतीचा मोठा वाटा आवाजातूनच येत असतो. पालकाच्या तळव्यांनी कान हलके झाकले की तेच चित्र एकदम सौम्य होते, आणि मुलाला आईबापाचा हातही जाणवतो. ‘घाबरट कुठला’ म्हणून हसू नये, आणि ‘यात घाबरण्यासारखं काय आहे’ असेही म्हणू नये. प्रश्नाला एका वाक्यात, त्याच्याच बोलीत उत्तर द्यावे:

‘आई, ते पिल्लू काहून रडायलंय?’

‘त्याची माय दिसंना झाली. भेटंल आता.’

एवढे पुरते. लांबलचक समजूत इतर प्रेक्षकांना त्रास देते आणि मुलाचे पुढचे दृश्य हुकवते. मूल एकाएकी गप्प झाले, पाय पोटाशी घेऊन बसले किंवा ‘घरी कधी जायचं’ असे दोनदा विचारले, तर रडू फुटण्याची वाट न पाहता त्याला उचलून दाराबाहेरच्या बोळात न्यावे. तेथे आवाज दबका येतो. पाणी पाजावे, आणि पाच मिनिटांनी ‘पुढं काय झालं बघायचं का?’ असे विचारावे. बहुतेक मुले हो म्हणतात. नाही म्हटले तर तिकिटाचे पैसे गेले असे समजून निघावे. जबरदस्तीने बसवलेले मूल पुढे दोन वर्षे थिएटरचे नाव काढू देत नाही.

या सगळ्यात पालकाचा मोबाइल पिशवीत असावा. मूल दर काही मिनिटांनी आपल्या चेहऱ्याकडे पाहते, आपण हसलो का, आपणही दचकलो का हे तपासते, आणि तेथे निळा उजेड पडलेला चेहरा दिसला की त्याचा निम्मा आनंद जातो.

मध्यंतर

परदेशी ॲनिमेशनपट मध्यंतर धरून बनवलेले नसतात, त्यामुळे आपल्याकडे ते मध्येच कोठेतरी तोडले जातात, कधी नायक कड्यावरून लोंबकळत असताना. मुलाला चित्रपट संपला असे वाटते. ‘आता दिवे लागतील, मग पुन्हा सुरू होईल’ हे आधी सांगून ठेवावे. दिवे लागताच प्रथम स्वच्छतागृहाची रांग गाठावी, खाण्याची खिडकी नंतर.

घरी परतल्यावर

‘काय शिकलास?’ हा प्रश्न विचारू नये. गाडीत मूल झोपले तर झोपू द्यावे. रात्री आजोबांना गोष्ट सांगण्याचे काम मात्र त्याच्याकडे सोपवावे आणि ते चुकले तरी दुरुस्ती करू नये. कोणता प्रसंग ते दोन-तीनदा सांगते, यावरून त्याच्या मनात काय अडकले आहे हे कळते. आमच्याकडे सगळ्या राक्षसांना वगळून एका म्हाताऱ्या कासवाचीच गोष्ट आठवडाभर चालू होती.

दुसऱ्या दिवशी घरचा ॲनिमेशनपट करता येतो. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये पहिला कथापट पुरा करण्याआधी कुंडीतील वाटाण्याच्या दाण्याची वाढ रोज थोडी थोडी टिपून ती पडद्यावर सलग दाखवली होती, आणि पुढे आगकाड्यांनाही नाचवले होते. त्यासाठी आज घरातला मोबाइल पुरतो. रात्रभर भिजवलेली मटकी सकाळी ओल्या फडक्यावर ताटलीत पसरावी. दोन्ही बाजूंना पुस्तकांची सारखी चळत रचून त्यांवर मोबाइल आडवा ठेवावा, कॅमेरा खाली ताटलीकडे, आणि मोबाइल आणि ताटली यांच्या कडा खडूने आखून घ्याव्यात, म्हणजे कोणी धक्का दिला तरी पुन्हा त्याच जागी ठेवता येतात. दर अर्ध्या तासाला एक छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक वेळी फडक्यावर चमच्याने थोडे पाणी शिंपडावे. दोन दिवसांत, रात्र सोडून, साठ-एक छायाचित्रे होतात. खिडकीचा उजेड दिवसभर बदलतो, तेव्हा खोलीतला एकच दिवा लावून खिडकी बंद ठेवलेली बरी. छायाचित्रांपासून चित्रफीत करणारी मोफत ॲप मिळतात. त्यात सेकंदाला आठ असा वेग ठेवला की साडेसात सेकंदांत मोड वळवळत बाहेर येतात. आवाज मुलानेच द्यावा. आमच्या मटकीच्या दाण्यांत एक राजा आहे, एक चोर आहे, आणि शेवटी सगळ्यांची उसळ होते.